अडीच फुटांचे माप

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात आगगाडीचा विषय निघाला की तो आबांच्या ताब्यात जातो. आबा म्हणजे माझे आजोबा. कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर त्यांनी उमेदीची वीस वर्षे हमाली केली. बार्शी-लातूरकडून छोट्या गाडीने आलेली तुरीची, ज्वारीची, शेंगांची पोती छोट्या वाघिणीतून काढायची, पाठीवर घ्यायची आणि मोठ्या वाघिणीत नेऊन थप्पी लावायची, हे त्यांचे काम. क्विंटलाचे पोते घेऊन फळीवरून चढताना आपला पाय कधी चळला नाही, हे ते आजही अभिमानाने सांगतात. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे मी पुस्तक उघडून बसलेली दिसले की ते हमखास विचारतात, "काय गं, आमच्या लाइनीचं काही हाय का त्यात?" आजवर या प्रश्नाला 'नाही' असेच उत्तर द्यावे लागे.

परंतु हा लेख लिहिण्याचे खरे निमित्त वेगळे आहे. गेल्या वर्षी डोळे तपासून घेण्यासाठी आबांना परगावी न्यावे लागले. परतताना एका स्थानकावर गाडी पकडायची होती. स्थानकाचे नाव मुद्दाम देत नाही. तशी स्थानके पुष्कळ आहेत आणि कोणा एकावर ठपका ठेवणे हा माझा हेतू नाही. आमचे तिकीट जनरलचे. जनरलचा डबा येऊन थांबला तो अगदी टोकाला, जेथे उंच फलाट संपून नुसती मुरमाची जमीन उरली होती. डब्याची खालची पायरी आबांच्या गुडघ्याच्या बरीच वर. दांडी धरून त्यांनी दोनदा पाय उचलला आणि दोन्ही वेळा तो खाली आला. शेवटी आतल्या दोघांनी वरून हात दिला, मी खालून आधार दिला, तेव्हा कुठे आबा डब्यात आले. जागेवर बसल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आमची गाडी आपल्या मापाची व्हती."

'माप' हा त्यांचा शब्द माझ्या डोक्यात राहिला. सरांना विचारले, ग्रंथालयात बसले, जे मिळाले ते वाचले. आणि हळूहळू असे ध्यानात आले की आबा सहज बोलून गेले त्यात बार्शीच्या रेल्वेचा सगळा इतिहास आहे. एवढेच नव्हे, तर आज ज्याला आपण स्थानकांचे आधुनिकीकरण म्हणतो, त्याची खरी कसोटीही त्याच शब्दात आहे. ती कशी, हे सांगण्याचा हा अल्प प्रयत्न.

कॅलथ्रॉपसाहेबाचे गणित

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लाइन १८६० साली सोलापूरला पोहोचली. पण ती बार्शीला बगल देऊन गेली. बार्शीला सर्वांत जवळचे स्थानक म्हणजे कुर्डुवाडी, आणि त्याचे त्या वेळचे नाव होते 'बार्शी रोड'. ज्या स्थानकाच्या नावापुढे 'रोड' लागते ते बहुधा त्या गावात नसते, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर असते, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रवाशांना नव्याने सांगायला नको. बार्शी ही इंग्रजी मुलखातली पेठ. तिच्या शिवेपलीकडे निजामाचा मुलूख. तिकडचे धान्य, गळिताचा माल आणि कापूस बार्शीत येई आणि बार्शीहून बैलगाड्यांनी बार्शी रोडला जाई. पावसाळ्यात काळ्या रानातला हा वीस-एकवीस मैलांचा रस्ता म्हणजे बैलांची परीक्षाच.

या रस्त्यावर रूळ टाकण्याची कल्पना एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराने उचलून धरली. हा गृहस्थ आधी पेनिन्सुला कंपनीतच नोकरीला होता. बार्शीसारख्या मध्यम पेठेसाठी मोठ्या मापाची रेल्वे बांधणे परवडणार नाही, हे त्याला दिसत होते. मोठ्या लाइनीत दोन रुळांमधले अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्याला वळणे मोठी लागतात, भराव रुंद लागतो, पूल भक्कम लागतात, रूळ जड लागतात. कॅलथ्रॉपने निवडलेले अंतर होते दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपल्या भाषेत अडीच फूट.

अडीच फुटी रेल्वे त्यापूर्वीही होत्या. कॅलथ्रॉपचे वैशिष्ट्य होते ते त्याच्या एका नियमात. बैलगाडीत किती माल भरला यापेक्षा तिच्या आखावर किती भार आला, याला गाडीवान महत्त्व देतो. कारण चाक रुतते ते त्या भाराने. रेल्वेचेही तसेच आहे. कॅलथ्रॉपने ठरवले की इंजिन असो, माणसांचा डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. इंजिन जड असते, म्हणून त्याचे वजन अधिक चाकांवर वाटून दिले. बार्शीची पहिली इंजिने आठ चालक चाकांची होती. डब्यांचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे केले, म्हणजे डबा हलका पण मजबूत. सगळ्या गाडीचा भार असा सारखा वाटला गेल्यामुळे वारभर लांबीला तीस पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला सुमारे पंधरा किलोचे हलके रूळ पुरेसे झाले. आज मोठ्या लाइनीवर मीटरला साठ किलोचे रूळ घालतात, यावरून तुलना करावी.

१८९५ साली लंडनमध्ये 'बार्शी लाइट रेल्वे' कंपनीची नोंद झाली. नवी इंजिने आणि डबे इकडे येण्यापूर्वी इंग्लंडात लीड्सजवळच्या न्यूले या ठिकाणी खास रूळ टाकून ते चालवून दाखवण्यात आले. मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन ही एकवीस मैलांची लाइन सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर. एका तालुक्याच्या गावाचे नाव धारण करणारी एवढी मोठी रेल्वे! वाचकांच्या माहितीसाठी सांगते, हाच कॅलथ्रॉप पुढे इंग्लंडमधल्या लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातील अडीच फुटी रेल्वेचाही इंजिनियर होता, आणि विमानातून उडी मारणाऱ्यासाठी हवाई छत्री तयार करण्याच्या कामातही त्याने बरेच आयुष्य घालवले.

हे सगळे वाचून माझी एक समजूत पार बदलली. आमच्या भागात छोट्या गाडीच्या संथपणाचे विनोद अजून सांगितले जातात. त्यावरून मला वाटे, बार्शी लाइट ही कोणीतरी गरिबांच्या गळ्यात बांधलेली जुनाट वस्तू असावी. वस्तुतः ती तिच्या काळातली अत्यंत आधुनिक रेल्वे होती. तिचे आधुनिकपण आकारात नव्हते, वेगात तर नव्हतेच. ते या गोष्टीत होते की रूळ, डबा, इंजिन आणि पेठेचा खिसा ही सगळी एकाच मापाने जुळवलेली होती.

दोन मापांच्या मध्ये

मात्र मापे जुळत होती ती लाइनीच्या आत. कुर्डुवाडीला आले की जुळणी संपे. छोट्या रुळांवरची वाघीण मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही. म्हणून लातूरचे पोते मुंबईला जायचे तर ते कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा चढवावे लागे. उताऱ्यांनाही तेच. मुले, बोचकी, ट्रंका सांभाळत एका गाडीतून दुसरीत. आषाढी-कार्तिकीला पंढरीच्या वाटेवर कुर्डुवाडीला वारकऱ्यांची केवढी गर्दी उसळत असे, हे त्या काळच्या कोणालाही विचारावे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही मापांची तूट म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय. पोते दोनदा हलले की धान्य सांडते, दाम वाढतात आणि माल मोटारट्रककडे वळतो. रेल्वेच्या पुस्तकांत या तुटीचे तोटे सविस्तर दिलेले असतात. पण त्याच तुटीवर आमच्या घराची चूल पेटत होती. मापे जुळली असती तर आबांना काम नसते. ही गोष्ट त्यांना मी जरा भीतभीतच विचारली. ते म्हणाले, "काम व्हतं म्हणून घर चाललं. पर माझ्या पोरानं त्येच काम करावं, असं मला कधी वाटलं न्हाई." जुन्या गाडीविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी हे उत्तर ध्यानात ठेवावे असे मला वाटते. आठवण गोड असते. पाठीवरचे ओझे गोड नसते.

माप बदलले

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली. तरी रूळ अडीच फुटीच राहिले, तेही पुढे जवळजवळ अर्धशतक. मग तुकड्यातुकड्याने रूपांतर झाले. २००२ मध्ये कुर्डुवाडी-पंढरपूर मोठ्या मापाचे झाले. २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद आणि २००८ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद-बार्शी-कुर्डुवाडी. त्यानंतर पंढरपूर-मिरज हा शेवटचा तुकडाही बदलला. जुनी छोटी लाइन उस्मानाबाद शहराला, म्हणजे आजच्या धाराशिवला, बाजूला ठेवून जात असे. नवी लाइन वळवून त्या शहरात नेली. १८६० साली बार्शीला जी बगल मिळाली, तशीच बगल जिल्ह्याच्या या ठिकाणाला छोट्या लाइनीने दिली होती. ती चूक अशी दुरुस्त झाली. बार्शीला मोठी गाडी आली तेव्हा मी दोन वर्षांची होते. त्यामुळे छोटी गाडी मी पाहिली ती आबांच्या बोलण्यातूनच.

या बदलाने काय साधले, याचे एकच उदाहरण देते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहर पाण्यावाचून कासावीस झाले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवण्यात आले. एप्रिलमध्ये पहिली गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. मार्ग कोणता? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. म्हणजे कॅलथ्रॉपच्या जुन्या लाइनीचाच माग. आता गणित करून पाहावे. पन्नास हजार लिटर म्हणजे पन्नास टन पाणी. वाघिणीला चार आस. रिकाम्या वाघिणीचे वजन सोडून दिले तरी एका आसावर साडेबारा टन नुसते पाणीच. पाच टनांची मर्यादा असलेल्या जुन्या रुळांवर अशी एक वाघीणही उभी राहू शकली नसती. आणि मोठ्या लाइनीवरचे पाणी छोटीवर घ्यायचे तर वाटेत पुन्हा उपसाउपशी आली असती. आबांना हे गणित सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. म्हणाले, "पाण्याचं पोतं नसतं बाय. ते पाठीवर न्हेता येत न्हाई."

त्यानंतर विजेच्या तारा आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण झाले, आणि त्यातला शेवटचा तुकडा औसा रोड ते लातूर रोड हा आपल्याच पट्ट्यातला होता. त्याच महिन्यात सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी कुर्डुवाडीला थांबते. एके काळी ज्या बार्शी रोडला बैलगाड्या येऊन थांबत, तेथे आता आपोआप उघडणाऱ्या दारांची गाडी थांबते. असो. गाडी बदलली, रूळ बदलले, इंधन बदलले. प्रश्न उरतो तो स्थानकाचा.

स्थानकात काय मोजावे?

६ ऑगस्ट २०२३ रोजी अमृत भारत योजनेखाली देशातल्या ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी एकाच दिवशी झाली. या योजनेत एकंदर तेराशेहून अधिक स्थानके घेतली आहेत. आपल्या जुन्या लाइनीवरची कुर्डुवाडी, पंढरपूर आणि लातूर ही स्थानके तिच्यात आहेत. वर्तमानपत्रांत अशा स्थानकांची रंगीत चित्रे येतात. चित्रात बहुधा दर्शनी कमान, काचेची भिंत आणि समोरचा बगीचा दिसतो. ते सर्व चांगलेच आहे. परंतु आबांना डब्यात चढवताना मला कमानीचा काही उपयोग झाला नसता. म्हणून प्रवाशाच्या बाजूने पाहता कोणती मापे महत्त्वाची, ती येथे क्रमाने मांडते.

पहिले माप उंचीचे. मोठ्या गाडीच्या डब्याची जमीन रुळाच्या माथ्यापासून सव्वा मीटरहून थोडी अधिक उंच असते. फलाट तीन प्रकारचे असतात. रुळाच्या पातळीचे, मध्यम म्हणजे ४५५ मिलिमीटरचे, आणि उंच म्हणजे ७६० ते ८४० मिलिमीटरचे. उंच फलाटावरून डब्यात जायला अर्धा मीटर चढावे लागते. ते दोन पायऱ्यांचे काम. मध्यम फलाटावरून ऐंशी सेंटिमीटरच्या वर. आणि फलाटच नसेल तर चार फुटांहून अधिक. तरण्याला हा फरक जाणवतही नाही. म्हाताऱ्याला, पोटुशीला, कडेवर मूल असणारीला आणि कुबडी घेऊन चालणाऱ्याला मात्र प्रवास करता येईल की नाही, हे या आकड्यांवरच ठरते. मुंबईत लोकल गाडी आणि फलाट यांच्यातल्या पोकळीत माणसे सापडू लागली, तेव्हा तेथील फलाट आणखी उचलून ९०० मिलिमीटरच्या वर नेण्यात आले. तात्पर्य, फलाटाची उंची ही शोभेची बाब नव्हे.

दुसरे माप लांबीचे. नव्या पद्धतीचा एक डबा साडेतेवीस मीटर लांब असतो. चोवीस डब्यांची गाडी म्हणजे साडेपाचशे मीटरहून अधिक. आपल्या क्रीडा विभागातल्या मित्रांना लगेच कळेल की चारशे मीटरच्या धावपट्टीची ही जवळजवळ दीड फेरी झाली. फलाटाचे छप्पर, बाके, पाण्याचे नळ आणि पंखे बहुधा मध्यभागी असतात. आता गाडीची रचना आठवून पाहावी. जनरलचे डबे कोठे असतात? पुढे आणि मागे, दोन्ही टोकांना. म्हणजे ज्याने आरक्षण केले आहे तो सावलीत उभा राहतो आणि ज्याच्याकडे जनरलचे तिकीट आहे तो उन्हात. फलाट आखूड पडला तर मुरमावर उतरतो तोही तोच. कोणी वाईट हेतूने हे केलेले नाही. मधून सुरुवात केली की टोके मागाहून येतात आणि पैसे संपले की राहून जातात. पण म्हणूनच माझे असे मत झाले आहे की स्थानक सुधारले की नाही, हे त्याच्या दारात उभे राहून ठरवू नये. फलाटाच्या टोकाला जाऊन ठरवावे.

तिसरे माप पलीकडे जाण्याचे. छोट्या लाइनीच्या काळात माणसे रूळ ओलांडून जात. आता तसे करणे जिवावरचे आहे. शिवाय वर पंचवीस हजार व्होल्टच्या तारा आहेत. त्या तारा रुळापासून साडेपाच मीटरच्या आसपास उंच, त्यांच्या वर सुरक्षित अंतर सोडून पादचारी पूल. म्हणजे फलाटावरून पुलावर जाण्यास साडेपाच-पावणेसहा मीटरची चढण आली. पायऱ्या सहज पस्तीस-चाळीस होतात आणि पलीकडे तेवढ्याच उतरायच्या. उतार बांधावा म्हटले, तर चाकाच्या खुर्चीला चढता येईल असा उतार एका फुटाला बारा फूट लांब लागतो; पावणेसहा मीटर चढायचे तर जवळजवळ सत्तर मीटरांचा उतार. म्हणूनच उद्वाहन, ज्याला आपण सरळ लिफ्ट म्हणतो, ही मोठ्या गाडीच्या स्थानकात चैन राहत नाही. विजेची तार वर आली की खाली लिफ्ट आलीच पाहिजे, असा हा हिशेब आहे. जेथे जागा आणि पैसा कमी, तेथे महत्त्वाच्या गाड्या प्रवेशाच्या बाजूच्याच फलाटावर घेणे हा बिनखर्ची उपायही आहे.

चौथी गोष्ट मीटरने मोजता येत नाही. ती म्हणजे माहिती. गाडी कोणत्या फलाटावर येणार आणि आपला डबा कोठे उभा राहणार, हे दहा मिनिटे आधी कळले तर म्हातारे माणूस सावकाश चालत जागेवर पोहोचते. शेवटच्या क्षणी कळले तर त्याला पळावे लागते, आणि पळता येत नसेल तर गाडी सोडावी लागते. डब्यांच्या खुणा दाखवणारे फलक, ऐकू येईल आणि समजेल अशा मराठीतली घोषणा, अंधांसाठी फरशीवरचे उंचवटे, या गोष्टींचा खर्च कमानीच्या मानाने थोडा असतो आणि उपयोग रोजचा.

जुने काय ठेवावे?

येथे कोणी म्हणेल, मग इतिहासाचे काय? सगळे नवे मापच लावायचे तर जुन्या स्थानकाची ओळख कशी राहणार?

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले. २००४ पासून ते जागतिक वारसा आहे, आणि तरी तेथे रोज लाखो माणसे गाडी पकडतात. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाची गोष्ट तर आपल्या विषयाला फारच जवळची आहे. १८६८ मध्ये ते बांधताना फलाट रस्त्यापासून उंचावर घेतले आणि खाली तळघर काढले. त्या तळघरात बिअरची पिंपे साठवायची होती, म्हणून खांबांमधले अंतर पिंपांच्या मापाने ठरवले! शंभर वर्षांनी ते स्थानक पाडण्याचे घाटत होते; लोकांनी विरोध करून वाचवले. २००७ साली तेथून फ्रान्स-बेल्जियमकडे जाणाऱ्या गाड्या सुटू लागल्या, आणि पिंपांचे ते तळघर उताऱ्यांचे दालन बनले. खांब तेच, माप तेच. पिंपांच्या जागी माणसे आली.

आमच्या लाइनीवर असे महाल नाहीत. बार्शी लाइट काटकसरीने बांधलेली. तिचा वारसा घुमटात आणि नक्षीत शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. तिचा वारसा म्हणजे तिचा नियम: वस्तूचे माप वापरणाऱ्याच्या गरजेवरून आणि ऐपतीवरून ठरवावे, आणि एकदा ठरवलेले माप इंजिनापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत सारखे पाळावे. आसाचा भार मधल्या डब्याला पाच टन आणि टोकाच्या डब्याला काहीही, असे कॅलथ्रॉपने चालू दिले नाही. दिले असते तर रूळ त्या टोकाच्या डब्याखालीच वाकले असते. फलाटाला तोच नियम लावला तर तो मध्ये उंच आणि टोकाला मुरूम असा राहणार नाही. माझ्या मते जुन्या रेल्वेचे खरे जतन ते हेच.

तरीही डोळ्यांना दिसणारी एखादी खूण असावीच. वाचताना मला एक योगायोग सापडला. उंच फलाटाची उंची ७६० ते ८४० मिलिमीटर, हे वर आलेच आहे. छोट्या लाइनीच्या दोन रुळांतले अंतर होते ७६२ मिलिमीटर. म्हणजे पूर्वी जे अडीच फूट आडवे होते, तेच अडीच फूट आज उभे हवे आहेत. माझी सूचना अशी की जुन्या लाइनीवरच्या प्रत्येक स्थानकाच्या आवारात छोट्या मापाचे चार-सहा हात रूळ मांडावेत, शेजारी मोठ्या मापाचे तेवढेच, आणि कोणते साल, कोणते माप, एवढा मजकूर सोप्या मराठीत लिहावा. मुले उडी मारून एक ओलांडतील, दुसरे ओलांडताना अडखळतील, आणि आपल्या गावाचा इतिहास त्यांच्या पायांना कळेल. त्याला कमानीइतका पैसा लागणार नाही.

लेखाचा कच्चा खर्डा मी आबांना वाचून दाखवला. आकडे आले तेथे ते गप्प राहिले. पोत्यांचा उल्लेख आला तेथे हसले. टोकाच्या डब्याचे वाचले तेव्हा त्यांनी मला थांबवले. मला वाटले, आपली फजिती कागदावर आली म्हणून त्यांना वाईट वाटले असावे. पण ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्ये. पर एक लिव्ह. पोतं चढवायला फळी लावायचो आमी. हमालाला बी फळी मिळायची. मग मानसाला का न्हाई?"

आबांचे हे वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे. पुढच्या महिन्यात त्यांना पुन्हा डोळ्यांसाठी न्यायचे आहे. तिकीट जनरलचेच असेल.